कुत्र्याचं वृषण बरणीतून स्लाइडवर: कुठे बिघडतं आणि क्रम काय ठेवायचा

गोव्यात कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं काम वर्षभर कुठे ना कुठे चालू असतं, त्यामुळे वृषण मिळणं ही अडचण नाहीच. अडचण ही की मिळालं की पोरं ते अख्खंच्या अख्खं फॉर्मलिनमध्ये बुडवतात, आठवड्याने कापतात, कशीबशी स्लाइड करतात आणि मग ४०एक्सवर एक फोटो काढून ग्रुपवर टाकतात की यातली सेर्टोली (शुक्राणू बनणाऱ्या पेशींना आधार देणारी पेशी) कुठली, स्पर्मॅटिड (अजून पूर्ण न झालेला शुक्राणू) कुठलं. बहुतेक वेळा उत्तर असं द्यावं लागतं की बाबा, यात काही शोधू नकोस, हे मधून कुजलंय. पेशी ओळखता न येणं ही १० पैकी ९ वेळा मायक्रोस्कोपची किंवा पुस्तकाची चूक नसते, बरणीतली चूक असते. म्हणून हा लेख बरणीपासून सुरू होतो, झूलॉजीची पोरं, वेट इंटर्न आणि कॉलेजच्या लॅबमधले टेक्निशियन यांच्यासाठी, क्रम पाळा म्हणजे झालं.

## १. आधी ठरवा: कुठले भाग मिळणार, कुठले नाही

नसबंदीच्या ऑपरेशनमधून तुम्हाला दोन वृषणं, त्यांना चिकटलेलं एपिडिडायमिस (शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी) आणि कॉर्डचा, म्हणजे वृषण ज्याला लटकतं त्या दोराचा, छोटा तुकडा मिळतो, ज्यात वास डेफरन्स (शुक्राणू वाहून नेणारी नळी) असते. बस. प्रोस्टेट आणि मूत्रमार्ग हवा असेल तर पोस्टमॉर्टेमच लागतं.

आणि इथेच पहिली मोठी चूक होते. वर्गात शिकवलेली आकृती माणसाची किंवा उंदराची असते, तीच डोक्यात ठेवून लोक कुत्र्यात सेमिनल व्हेसिकल शोधत बसतात. कुत्र्याला सेमिनल व्हेसिकल नाही, बल्बोयुरेथ्रल ग्रंथीही नाही. प्रोस्टेट आहे, मोठी आहे, मूत्रमार्गाला वेढून बसलेली आहे, आणि वास डेफरन्सच्या शेवटी अँप्युलाच्या भिंतीत थोड्या ग्रंथी आहेत. जर्नलमध्ये 'सेमिनल व्हेसिकल, कुत्रा' असं लेबल दिसलं तर समजा कुणीतरी प्रोस्टेटचाच तुकडा कापलाय किंवा सरळ दुसऱ्याच्या वहीतून उतरवलंय.

परवानगीचं पण आधीच बघा. निर्बीजीकरण केंद्रात काढलेले अवयव मोजणीसाठी ठेवावे लागतात, त्यामुळे तिथून परस्पर काही उचलायचं नाही. केंद्राची लेखी परवानगी घ्या, आपल्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीला कळवा, आणि घेतलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद केंद्राच्या रजिस्टरवर करून घ्या.

लक्ष ठेवा: मोजणीची ती बादली म्हणजे नमुन्यांचा खजिना नव्हे. त्यात एकावर एक दाबून टाकलेली अख्खी वृषणं असतात, फॉर्मलिन कमी, रक्त जास्त. त्यातून स्लाइड करायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

नमुना घेताना कागदावर एवढं हवंच: तारीख, वेळ, कुत्र्याचं अंदाजे वय (दातांवरून, कायमचे दात पूर्ण आलेत का ते बघून), डावं की उजवं, दोन्ही वृषणं पिशवीत होती का एक वर पोटात किंवा जांघेत अडकलेलं होतं, आणि अलीकडे ताप होता का. हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. कुत्र्यात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६२ दिवस लागतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांपूर्वी गोचिडांचा ताप येऊन गेलेल्या कुत्र्याच्या नळ्या आज रोडावलेल्या दिसू शकतात आणि तुम्ही त्याला भलतंच नाव द्याल.

## २. आदल्या दिवशीची तयारी

फिक्सेटिव्ह (ऊतक कुजू न देता टिकवणारा द्रव) आदल्या दिवशी बनवून बरणीत भरून ठेवा. कॅम्पवर पोचल्यावर 'फॉर्मलिन आहे का हो जरा' असं विचारत फिरू नका.

वृषणासाठी साधं फॉर्मलिन सर्वात वाईट नाही पण चांगलंही नाही, त्यात नळ्या आकसतात, आजूबाजूला रिकाम्या फटी पडतात आणि केंद्रकं धूसर होतात. मी मॉडिफाइड डेव्हिडसन वापरायला सांगेन. १०० मिलीसाठी:

- दुकानातलं फॉर्मलिन (३७ ते ४० टक्के) ३० मिली
- इथेनॉल १५ मिली
- ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड ५ मिली
- डिस्टिल्ड वॉटर ५० मिली

बोईन्स फ्लुइड (पिक्रिक अॅसिडचं संपृक्त द्रावण ७५ मिली, फॉर्मलिन २५, ग्लेशियल अॅसेटिक ५) केंद्रकांसाठी उत्तमच, जुनी माणसं त्याचीच शपथ घेतात. पण पिक्रिक अॅसिड सुकलं तर स्फोटक असतं, बाटलीच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांत सुकून बसतं, आणि कॉलेजच्या कपाटात अशी वर्षानुवर्षं न उघडलेली बाटली असेल तर ती तुम्ही उघडायची नाही, सरांना सांगा आणि हात लावू नका.

फॉर्मलिनच वापरणार असाल तर बफर केलेलं वापरा: फॉर्मलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. इथे हिशोबात गडबड होते. '१० टक्के फॉर्मलिन' म्हणजे बाटलीतल्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, त्यात खरं फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असतं. कुणीतरी ४० टक्क्यांवरून गणित करून अडीचपट दाट बनवतं आणि ऊतक बाहेरून चामड्यासारखं कडक, आतून कच्चं राहतं.

बफर नसलेलं, जुनं, आम्ल झालेलं फॉर्मलिन वापरलं तर रक्त असलेल्या जागी तपकिरी-काळे दाणे पडतात. नसबंदीचं वृषण रक्ताने भरलेलं असतंच, त्यामुळे दाणे भरपूर पडतात आणि रिपोर्टमध्ये 'रंगद्रव्य आढळले' असं लिहिलं जातं. ते बरणीतून आलेलं असतं, कुत्र्यातून नाही.

बाकीचं सामान: नवी ब्लेडं, बोथट चिमटा, जाड सुई, रुंद तोंडाच्या बरण्या, स्वच्छ स्लाइड, मिथेनॉल, ३७ अंशाचं सलाइन ठेवायला छोटा थर्मास. लेबल शिसपेन्सिलने जाड ट्रेसिंग पेपरवर लिहून बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि बाहेरचा स्टिकर पावसात सुटतो, दोन्ही एकदम झालं की सगळा नमुना बेवारस.

हातमोजे, गॉगल, आणि भटक्या कुत्र्यांसोबत नियमित काम असेल तर रेबीजची आधीची लस घेतलेली हवी. कुत्रा वागायला विचित्र असेल, संशय असेल, तर त्याचा नमुना घ्यायचाच नाही. पावसाळ्यात लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) विचार ठेवा, ओल्या फरशीवर चप्पल घालून उघड्या हाताने काम करू नका.

तपासा: द्रवाचं प्रमाण ऊतकाच्या किमान १० पट, जमलं तर २० पट. मध्यम कुत्र्याचं वृषण साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड भरतं, म्हणजे एका वृषणाला १५० ते २०० मिलीची बरणी धरा. जॅमच्या छोट्या बाटलीत दोन दाबून भरू नका.

## ३. वृषण हातात आल्यावरची पहिली १५ मिनिटं

इथल्या उकाड्यात टेबलावर ठेवलेलं वृषण फार लवकर बिघडतं. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी सर्वात आधी सुटतात आणि पोकळीत गळून पडतात. सर्जनच्या हातातून ट्रेमध्ये, ट्रेमधून तुमच्या हातात, हे १०-१५ मिनिटांत व्हायला हवं. उशीर होणारच असेल तर सलाइनने ओला केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून आईस पॅकवर ठेवा, थेट बर्फावर नको आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

वृषण बोटांनी दाबू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय कारण हातात आल्यावर ते कसं लागतं बघायला प्रत्येक जण एकदा दाबतोच. त्या एका दाबाने नळ्यांतल्या पेशींचे थर सुटून मध्ये गोळा होतात आणि स्लाइडवर ते हुबेहूब आजारासारखं दिसतं. उचलायचं ते कॉर्डला धरून.

दोन वृषणं आहेत तर कामं वाटून द्या. एक ताज्या कामासाठी, दुसरं ब्लॉकसाठी, म्हणजे मेणात बसवून पातळ काप करायला. दोन्ही कामं एकाच वृषणावर करायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात.

ताज्या कामाचा क्रम असा. आधी एपिडिडायमिसची शेपूट, म्हणजे वृषणाच्या मागच्या टोकाला चिकटलेला तो टणक गोळा, त्यावर ब्लेडने छोटी चीर द्या, जो पांढरट थेंब येतो तो कोमट सलाइनच्या थेंबात मिसळा आणि लगेच बघा. स्लाइड गार असेल तर शुक्राणू मंदावतात आणि तुम्ही 'हालचाल कमी' असं लिहिता, म्हणून स्लाइडही कोमट ठेवा. दुसऱ्या थेंबाचा इओसिन-निग्रोसिन स्मिअर (जिवंत आणि मेलेले शुक्राणू वेगळे दाखवणारा रंगीत लेप) करा.

मग वृषण मधोमध कापा, कापलेला भाग टिपकागदावर हलकेच टेकवून रक्त काढा, आणि स्लाइडला फक्त टेकवून उचला. घासू नका, ओढू नका. तीन-चार ठसे एकाच स्लाइडवर. हवेत वाळवा, मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं, मग १:१० गिम्सा २० ते ३० मिनिटं. पावसाळ्यात हवेत वाळता वाळत नाही आणि पेशी हळूहळू फुगत बसतात, तेव्हा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून लांबून मारा.

लक्ष ठेवा: वाळणारे ठसे आणि उघडी फॉर्मलिनची बरणी एका टेबलावर नको, एका बॅगेतही नको. फॉर्मलिनची नुसती वाफ लागली तरी गिम्सा निळसर-हिरवा, गढूळ बसतो आणि ती स्लाइड काही केल्या सुधारत नाही.

मायक्रोटोम (मेणातल्या ऊतकाचे अतिपातळ काप करणारं यंत्र) नसलेल्या कॉलेजांनी खरं तर इथेच थांबून हे ठसे नीट वाचायला शिकावं, त्यात भरपूर बघण्यासारखं असतं. फक्त एक धरून चाला की वृषणाच्या ठशात फुटलेल्या पेशी आणि नागडी केंद्रकं खूप असतात, ते नॉर्मल आहे.

## ४. फिक्स करणं आणि कापणं, याच क्रमाने

दुसरं वृषण. याच्यावर ट्युनिका अल्ब्युजिनियाचं पांढरं, चिवट कवच असतं आणि त्यातून द्रव आत जायला वेळ लागतो. फॉर्मलिन पहिल्या तासात जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं आणि पुढे आणखी मंदावतं, मग २ सेंटिमीटर जाडीच्या अख्ख्या वृषणाच्या मध्यापर्यंत ते कधी पोचणार याचा विचार करा. तोवर मधलं कुजून झालेलं असतं.

मग ताजंच कापून टाकूया का? नाही. कवचाच्या आत दाब असतो, ताजं कापलं की नळ्या शेवयांसारख्या बाहेर फुगून येतात आणि कडेचा सगळा भाग वाकडा होतो. म्हणून मधला मार्ग:

१) जाड सुईने कवचाला सगळीकडून ८-१० टोचे द्या, फार खोल नाही.
२) डेव्हिडसनमध्ये १ ते २ तास बुडवा, जरा घट्ट होऊ द्या.
३) बाहेर काढून नव्या ब्लेडने एकाच ओढीत आडवे काप करा, ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे. करवतीसारखं मागेपुढे करू नका.
४) काप ताज्या द्रवात परत टाका, एकूण २४ तास होईपर्यंत. तळाला चिकटू नयेत म्हणून खाली कापसाचा पातळ थर.
५) मग ७० टक्के अल्कोहोल. बोईन्स वापरलं असेल तर पिवळा रंग निघेपर्यंत अल्कोहोल बदलत राहा.

कुठून कापायचं हेही महत्त्वाचं आहे. कुत्र्यात मीडियास्टिनम (वृषणातला तंतुमय गाभा) वृषणाच्या मधोमध, लांबीच्या अक्षावर असतं, आडव्या कापात ते मध्यभागी पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. तो ठिपका दिसला की काप बरोबर आडवा झालाय. रीटी टेस्टिस (मीडियास्टिनममधलं पोकळ्यांचं जाळं) आणि एफरंट नळ्या (तिथून एपिडिडायमिसकडे जाणाऱ्या) हव्या असतील तर पुढच्या टोकाचा तुकडा एपिडिडायमिसच्या डोक्यासकट एकत्र घ्या, वेगळे केलेत की ती जोडच हातातून जाते. एपिडिडायमिसचं डोकं, धड आणि शेपूट तीन वेगळ्या कॅसेटमध्ये, तीन लेबलं. एकाच कॅसेटमध्ये टाकून 'दिसेल तेव्हा ओळखू' म्हणणारे नंतर ओळखू शकत नाहीत.

वाळपई, काणकोणकडून नमुना पणजीला आणायचा असेल तर बरणी दुहेरी झाकण, वर झिप पिशवी, आणि उभी. २०१८ मधल्या मासळीतल्या फॉर्मलिनच्या गदारोळानंतर कदंबा बसमध्ये तो वास आला तर लोक कसे बघतील ते सांगायला नको. जमलं तर २४ तास तिथेच होऊ द्या आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणा, तेही घट्ट बंद करून, ज्वलनशील आहे हे लक्षात ठेवून.

## ५. प्रोसेसिंग: पावसाळ्यात इथे फसतं

वेळापत्रक काही गुपित नाही: ७० टक्के, ९० टक्के, मग अॅब्सोल्यूट तीन वेळा, प्रत्येकी साधारण तास, झायलीन दोन वेळा ४५ मिनिटं, ५८ ते ६० अंशाचं मेण दोन-तीन बदल, प्रत्येकी तास. झायलीनमध्ये रात्रभर विसरलं तर काप ठिसूळ होऊन मायक्रोटोमवर भुगा पडतो.

गोव्यातली खरी अडचण अॅब्सोल्यूट अल्कोहोल आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की रोज उघडली जाणारी बाटली अॅब्सोल्यूट राहतच नाही, ऊतकात पाणी उरतं, मेण शिरत नाही आणि मधला भाग मऊ राहून ब्लेडला चिकटतो. बाटलीच्या तळाला निर्जल कॉपर सल्फेट टाका, वर फिल्टर पेपर. ते पांढरं असेतोवर ठीक, निळं व्हायला लागलं की ती बाटली खालच्या पायरीला वापरा.

तपासा: झायलीनमध्ये टाकल्यावर तुकडा किंवा द्रव दुधाळ झाला की पाणी राहिलंय. पुढे रेटू नका, परत अॅब्सोल्यूटमध्ये न्या.

मेणाच्या ओव्हनचं काम लाईट टिकेल अशा वेळी ठेवा. वादळी रात्री लाईट गेली आणि अर्धवट भरलेला तुकडा मेणासकट गोठला तर सकाळी परत वितळवून चालतं, पण लाईट आल्यावर ओव्हन ७० वर गेलेला असेल तर नाही.

काप ४ ते ५ मायक्रॉन. वॉटर बाथ मेण वितळण्याच्या ५ ते १० अंश खाली. जास्त गरम पाण्यावर नळ्या एकमेकींपासून सुटतात आणि त्या फटी नंतर 'एडिमा' (पाणी भरून आलेली सूज) म्हणून वाचल्या जातात.

## ६. रंग

एच अँड ई (हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिन) रोजचाच, त्यावर लांबण लावत नाही. दोन गोष्टी सांगतो. वृषणात केंद्रकातली क्रोमॅटिनची ठेवण बघायची असते, म्हणून हिमॅटॉक्झिलिन गडद ठेवून चालत नाही, अॅसिड अल्कोहोलमध्ये एक-दोन बुडी देऊन ओल्याच स्लाइडला मायक्रोस्कोपखाली बघा. आणि लॅबला विहिरीचं पाणी असेल, निळेपणा येत नसेल, तर पाण्यात अमोनियाचे दोन-चार थेंब टाका, तासभर नळाखाली धरून बसू नका.

दुसरी स्लाइड पीएएसची (पिरिऑडिक अॅसिड-शिफ रंगाची) करा. हे जास्तीचं काम वाटतं पण स्पर्मॅटिडच्या डोक्यावरचा टोपीसारखा अॅक्रोसोम त्यात गुलाबी-किरमिजी दिसतो आणि कुठली पेशी कुठल्या टप्प्यावर आहे याचा वाद तिथेच संपतो. शिफ रिएजंट फ्रीजमध्ये, बाटलीत गुलाबी झालं असेल तर टाकून द्या.

## ७. वाचन: ४एक्सवरून सुरू, नेहमी

थेट ४०एक्स लावणं ही सवय मोडा. मी तर म्हणेन स्लाइड आधी उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघा, कडा कुठे, मध्य कुठे.

४एक्स. बाहेरून आत या. ऑपरेशन बंद पद्धतीने झालं असेल तर सगळ्यात बाहेर ट्युनिका व्हजायनॅलिसचा पापुद्रा असेल आणि त्याला कधी कधी क्रिमॅस्टर स्नायूची पट्टी चिकटलेली असते. आडव्या पट्ट्यांचा स्नायू वृषणाच्या स्लाइडवर बघून पोरं घाबरतात, ब्लॉक बदलला वाटतं. बदललेला नाही. मग अल्ब्युजिनिया, जाड, गुलाबी, तंतूंची. तिच्यातून आत जाणारे पातळ पडदे, त्यांनी केलेले कप्पे, कप्प्यांत नळ्यांचे गोल आणि लंबगोल छेद, आणि मध्ये मीडियास्टिनम.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: कडेच्या नळ्या आणि मधल्या नळ्या सारख्याच दिसतात का? कडेला छान आणि मध्ये धूसर, गळालेल्या असतील तर ती फिक्सेशनची चूक आहे. तिथे थांबा, मधल्या भागावर काहीही निष्कर्ष काढू नका.

१०एक्स. नळ्या निवडा. फक्त गोल छेद घ्या, तिरके सोडा, तिरक्या छेदात थर खोटे जाड दिसतात. नळ्यांच्या मधल्या तिकोनी जागांत गुलाबी पेशींचे पुंजके म्हणजे लायडिग, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी.

४०एक्स. आता एका गोल नळीत, भिंतीपासून पोकळीकडे, हाच क्रम:

भिंतीला बाहेरून लागून चपट्या मायॉइड पेशी, अगदी पातळ. त्यांच्या आत बेसमेंट मेम्ब्रेन. त्यावर दोन प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. स्पर्मॅटोगोनियाचं (शुक्राणूंच्या मूळ पेशींचं) केंद्रक गोल किंवा लंबगोल, भिंतीला टेकलेलं. सेर्टोलीचं केंद्रक फिकट, आकाराला वेडंवाकडं किंवा तिकोनी, आणि त्यात एक ठळक केंद्रिका. पेशीची हद्द शोधायला जाऊ नका, सेर्टोलीची हद्द साध्या मायक्रोस्कोपवर दिसत नाही, तिचा द्रव्यभाग इतर पेशींच्या मधून वर पोकळीपर्यंत गेलेला असतो. फिकट केंद्रक आणि ठळक केंद्रिका, एवढ्यावरच ओळखा.

वरच्या थरात प्राथमिक स्पर्मॅटोसाइट, नळीतल्या सर्वात मोठ्या पेशी, केंद्रकात जाड दोऱ्यांचा गुंता. हे ओळखायला सर्वात सोपे, म्हणून गोंधळ उडाला की आधी हे शोधा आणि मग खाली-वर मोजा. दुय्यम स्पर्मॅटोसाइट फार थोडा वेळ टिकतात, त्यामुळे क्वचितच सापडतात, जर्नलमध्ये जागा भरायला उगीच बाण काढू नका. त्यांच्याही वर गोल स्पर्मॅटिड, लहान, फिकट, नीटनेटके. आणि पोकळीकडे लांबट स्पर्मॅटिड, गडद डोकी सेर्टोलीत रुतलेली, शेपट्या पोकळीत.

लक्ष ठेवा: प्रत्येक नळीत लांबट स्पर्मॅटिड दिसलेच पाहिजेत असं नाही. कुत्र्यात हे चक्र ८ टप्प्यांचं धरतात, एक चक्र साधारण १४ दिवसांचं, आणि एका छेदात बहुतेक एकच टप्पा असतो. शेजारच्या दोन नळ्या वेगळ्या दिसणं हेच नॉर्मल आहे. एका नळीवरून 'शुक्राणू निर्मिती थांबली' लिहिणाऱ्यांनी निदान २०-३० गोल नळ्या तरी बघाव्यात.

लायडिगकडे परत या. बहुकोनी पेशी, गोल केंद्रक, गुलाबी द्रव्य, त्यात रिकामी भोकं. ती भोकं मेदाच्या थेंबांची, झायलीन आणि अल्कोहोलने मेद धुऊन नेला म्हणून रिकामी. पेशी मेलेली नाही.

मीडियास्टिनममध्ये रीटी टेस्टिसच्या वेड्यावाकड्या पोकळ्या, ठेंगण्या घनाकार पेशींचं अस्तर. शुक्राणू बनवणारी एकही पेशी तिथे नसते.

## ८. एपिडिडायमिस आणि वास

एफरंट नळ्या आणि एपिडिडायमिस शेजारी शेजारी असतात. पोकळीची कड बघा. एफरंट नळीत कड लाटांसारखी वरखाली, कारण उंच आणि ठेंगण्या पेशी आलटून पालटून, आणि काहींवर खरे सिलिया. एपिडिडायमिसमध्ये कड सपाट, पेशी उंच स्तंभाकार, वर लांब स्टिरिओसिलिया, जे हलत नाहीत, आणि तळाला छोट्या गोल बेसल पेशी.

डोक्यात अस्तर उंच, पोकळी अरुंद. शेपटीत अस्तर ठेंगणं, पोकळी रुंद आणि शुक्राणूंनी गच्च, भोवती गुळगुळीत स्नायूचा जाड थर. लेबल हरवलं तरी यावरून डोकं-शेपूट सांगता येतं.

गळालेल्या पेशींचा निकाल इथेच लागतो. वृषणाच्या पोकळीत गोल अपक्व पेशी पडलेल्या दिसल्या तर शेपटीची पोकळी बघा. तिथेही त्या असतील तर कुत्रा जिवंत असतानाच त्या गळून प्रवास करून आल्या, म्हणजे खरा बिघाड. तिथे फक्त शुक्राणू असतील तर तुम्ही किंवा सर्जनने दाबलंय.

शेपटीच्या स्मिअरमध्ये शुक्राणूच्या शेपटीवर, मधल्या तुकड्याच्या खालच्या टोकाला थेंब दिसतात, ते या जागी अपेक्षितच आहेत. त्यांना दोष म्हणून मोजू नका.

आणि एपिडिडायमिसच्या उंच पेशींच्या केंद्रकात कधी गुलाबी गोळे दिसतात, पीएएसलाही रंगतात, कुत्र्यात ते नेहमीचे आहेत. तेवढ्यावरून डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, त्यातही पेशींत असे गोळे दिसतात) लिहून मोकळं होऊ नका.

कॉर्डच्या तुकड्यात वास आणि धमनीची अदलाबदल होते. वासची पोकळी चांदणीसारखी, आत स्तंभाकार पेशी, भोवती जाडजूड स्नायू. वृषणाची धमनी वळणं घेत येते म्हणून एकाच धमनीचे चार-पाच छेद एका जागी दिसतात, भोवती शिरांचं जाळं.

## ९. 'आजार' लिहिण्याआधी

पिल्लाचं वृषण. नळ्या बारीक, पोकळीच नाही, फक्त सेर्टोली आणि भिंतीलगतच्या अपक्व पेशी. हे वय आहे, ऱ्हास नाही, आणि कागदावर वय नसेल तर चूक होणारच. वर अडकलेलं वृषणही जवळपास असंच, शुक्राणू बनवणारा वंश जवळजवळ गायब, लायडिग मात्र शाबूत. म्हणून कुठून काढलं ते लिहायला सांगितलं. अशा वृषणात, कुत्रा मोठा असेल तर, सेर्टोली पेशींच्या गाठीची किंवा सेमिनोमाची शक्यताही धरून पूर्ण काप बघा.

प्रोस्टेट मिळाली तर पेशींची उंची बघा. नसबंदी न झालेल्या प्रौढ कुत्र्यात अस्तर उंच, आत गुलाबी कण, कप्पे दुमडलेले. आधी नसबंदी झालेल्यात अस्तर बसलेलं आणि मधली तंतुमय ऊतीच जास्त दिसते. कानाची खूण (नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला दिलेला काप) नोंदवलेली असेल तर हा फरक लगेच जुळतो.

शिश्नावर फुलकोबीसारखी, रक्ताळलेली गाठ दिसली तर ती बहुधा टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, समागमातून पसरणारी गाठ), भटक्या कुत्र्यांत ही भरपूर. तिचा ठसा घ्या: गोल पेशी, गोल केंद्रक, द्रव्यात स्वच्छ काठाची भोकं ओळीने. निदान मात्र डॉक्टरांनी करायचं, आपण स्लाइड पुरवायची.

## १०. ठेवणं

डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माध्यम) सुकेपर्यंत स्लाइड आडव्या, निदान काही दिवस. उभ्या डब्यात घाईने घातल्या की कव्हरस्लिप घसरते. डबा बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या पावसाळ्यात वरचेवर गरम करून सुकवायच्या, नाहीतर बुरशी स्लाइडवर आणि त्याआधी लेन्सवर चढते. उरलेलं ऊतक आणि वापरलेली ब्लेडं बायोमेडिकल वेस्टच्या नियमानुसार, ऊतक पिवळ्या पिशवीत, ब्लेडं पंक्चर न होणाऱ्या डब्यात, फॉर्मलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही.

मेणाचे ब्लॉक फेकू नका. कापलेल्या बाजूवर मेणाचा पातळ थर देऊन, लेबलसकट झिप पिशवीत ठेवा, कारण एच अँड ईवर वाद झाला की पीएएससाठी त्याच ब्लॉकचा पुढचा काप लागतो.